बोर्ड जुळत नाही

निंबाभाऊ देवरे माझे शेजारी. या माणसाबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईंनी पक्षपात केला. मी पालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. सुरतेच्या गोडादऱ्यात राहायला आले तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, की तिथं सगळे लूमवाले, तिथं काय राहतेस. मी त्यांना म्हटलं, तुमच्या अडाजणच्या फ्लॅटमध्ये शेजारी मेला तरी चौथ्या दिवशी वासावरून कळतं. ती नाकं अजून तशीच आहेत आणि मीही अजून इथेच आहे.

निंबाभाऊ मूळचे शिंदखेड्याकडचे. मिसरूड फुटायच्या आत काकांच्या मागं सुरतेला आले, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ओले तागे उचलले, मग लूमवर उभे राहिले आणि मग कसे कोण जाणे एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. तिथं ते पंचिंग शिकले. पंचिंग म्हणजे काय हे मलाही त्यांनीच समजावून दिलं. कागदावर कुणीतरी मोर काढतो. मशीनला कागदावरचा मोर कळत नाही. तिला सांगावं लागतं, सुई इथं टोच, आता इथं, आता दोरा काप, आता रंग बदल. एका मोराचे असे हजारो टाके, ते सगळे कॉम्प्युटरवर मांडायचे. वाईट पंचिंग केलं की कापड गोळा होतं, दोरे तुटतात, कारागीर शिव्या देतात. निंबाभाऊंच्या डिझाइनवर दोरा तुटत नाही, असं खात्यांमध्ये बोललं जायचं. पुढं त्यांनी घरीच कॉम्प्युटर घेतला. शेठलोकांची माणसं चित्र घेऊन दारात यायची आणि पेन ड्राइव्ह घेऊन जायची.

या धंद्यात एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुरतेत साडी दुकानात लागायच्या आधी तिची नक्कल शेजारच्या दुकानात लागते. डिझाइन चोरीला जाणं इथं सर्दी होण्याइतकं साधं आहे. म्हणून पंचिंगवाला आपल्या मूळ कामाची दुसरी प्रत कुठंच ठेवत नाही. प्रत म्हणजे चोराला आमंत्रण. बाहेर जायचं ते तयार शिवणारं डिझाइन, एका वेळी एक, आणि ते मोडून त्यातली फांदी वेगळी काढता येत नाही. सुटी फांदी, सुटं फूल, सुटा कोपरा, हे सगळं राहायचं निंबाभाऊंच्या डिस्कवर. त्या कॉम्प्युटरला त्यांनी इंटरनेटची वायर कधी लावू दिली नाही. मी एकदा म्हटलं, "निंबाभाऊ, अहो एखादी नक्कल करून ठेवा, देव न करो." ते हसले आणि आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "बाई, एक ताला दोन चाव्या, तं घर कोनं?"

मग अर्धांगवायू आला. उजवा हात गेला. पाय सुधारला, जीभ सुधारली, हात खांद्यापासून नुसता लटकत राहिला. शेठलोकांनी हळहळ केली आणि दुसरे पंचिंगवाले पाहून ठेवले. निंबाभाऊंनी डाव्या हातात माऊस धरला. नवं चित्र काढणं त्या हाताला जमेना, रेघ थरथरायची. पण जुन्या डिझाइनमधली फांदी उचलायची, दुसऱ्या डिझाइनमधला बुट्टा उचलायचा, तिसऱ्याची किनार लावायची आणि त्यातून नवी साडी उभी करायची, हे डाव्या हातानं होत होतं. जितकं जुनं काम साठलेलं होतं तितकं पुढचं आयुष्य निघण्यासारखं होतं. शेठची माणसं पुन्हा येऊ लागली. म्हणजे तो उजवा हात आता त्या डिस्कमध्ये होता. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, ते स्वतःच तसं म्हणायचे.

नवरात्राच्या थोडं आधी त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि पडदा काळाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ललितचं रिपेरिंगचं दुकान आहे. हा ललित माझाच विद्यार्थी. मराठीत काठावर पास, पण हातात पाना दिला की जादूगार. निंबाभाऊंनी मला बरोबर नेलं, कारण ललित इतरांना घाईघाईत काहीतरी सांगून वाटेला लावतो आणि मला घाबरतो.

त्यानं डबा उघडून मोठा हिरवा बोर्ड दाखवला. त्यावरच्या नळकांड्यांची डोकी फुगली होती. "बोर्ड गेला, आप्पा. डिस्क चांगली आहे. पण आता अडचण बघा." त्यानं डिस्कच्या मागची रुंद, करड्या रंगाची पट्टी ओढून काढली. "ह्या जुन्या डिस्कला ही पट्टी लागते. चाळीस पिनांची. नव्या बोर्डावर ही लावायला जागाच नाही. आता हे एवढंसं तोंड असतं, नखाएवढं. आणि त्याच्या पुढचे बोर्ड आलेत त्यात तर वायरच नाही, डिस्क म्हणजे च्युइंगमची कांडी, सरळ बोर्डावर बसते."

"मग जुना बोर्ड आण," मी म्हटलं.

"बाई, तो बनायचा बंद झाला. जुना भंगारात मिळाला तरी आज चालेल उद्या बसेल. त्यापेक्षा नवा बोर्ड घेऊ आणि मधे कन्व्हर्टर लावू. त्याला एका बाजूला रुंद पट्टी बसते, दुसऱ्या बाजूला छोटं तोंड. मागवतो मी. टेन्शन नका घेऊ आप्पा, थई जशे, होऊन जाईल."

निंबाभाऊंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ललितनं डिस्क काढून कपाटात ठेवायला घेतली तेव्हा त्यांनी डावा हात पुढं केला. "डिस्क मी आठे ठेवत नही. घर लई जास." ललितला वाईट वाटलं असणार, पण त्याला धंदा माहीत होता. त्यानं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली.

कन्व्हर्टर यायला वेळ लागला. सणाचे दिवस, कुरियरवाले फोन उचलत नव्हते. आणि मधे दसरा आला.

खात्यांमध्ये दसऱ्याला मशीनची पूजा होते, तशी निंबाभाऊ दरवर्षी कॉम्प्युटरची करायचे. बंद डब्यावर वरून एक हळदीकुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, झालं. यंदा डबा ललितच्या दुकानात उघडा पडलेला होता आणि घरात होती नुसती डिस्क. मग पाटावर तीच बसली. आता देवाचा टाक असो की कोयता, त्याला आधी पाणी, मग गंध, ही त्यांच्या घरची पद्धत. उजवा हात नसलेल्या माणसानं पूजा कशी करायची, म्हणून त्यांनी सुंदराला सांगितलं, म्हणजे त्यांच्या बायकोला, की माझ्या वतीनं तू कर, नीट कर, यंदा तिनंच आपल्याला तारायचं आहे. सुंदरानं नीट केली. तांब्यातलं पाणी घालून डिस्क धुतली, मऊ फडक्यानं पुसली, ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली, वर अक्षता, वर फूल. मी सोनं द्यायला गेले तेव्हा ती पाटावर अशी सजून बसली होती. मीही हात जोडले. जिलेबी-फाफडा खाऊन घरी आले.

कन्व्हर्टर आल्यावर आम्ही तिघं दुकानात गेलो, निंबाभाऊ, सुंदरा आणि मी. नवा बोर्ड लावलेला होता. ललितनं डिस्क हातात घेतली आणि वरचं कुंकू अंगठ्यानं खरवडलं. छोटी वायर लावली, बटण दाबलं. डिस्क फिरू लागली आणि आतून टक् आवाज आला. मग थांबून पुन्हा टक्. पडद्यावर कॉम्प्युटरनं आपली सगळी अवजारं मोजून दाखवली, त्यात डिस्क नव्हती. ललितनं वायर बदलली, मागची बारकी टोपी काढून दुसऱ्या पिनांवर घातली, पुन्हा लावलं. टक्.

"ठेवून जा आप्पा," तो म्हणाला. "बघतो मी."

मला वाटलं आता भांडण होणार. पण निंबाभाऊ उठले, चपला घातल्या आणि डिस्क तिथंच ठेवून घरी निघाले. दमले असतील असं मला वाटलं.

दोन-चार दिवसांनी ललितनं मला आणि सुंदराला बोलावलं. आप्पांना आणू नका म्हणाला. टेबलावर डिस्क होती. तिच्या लेबलावर सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि शेजारी बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे झाकू नये. त्या भोकातून डिस्क श्वास घेते, ललित म्हणाला. भोकावर कुंकवाचा थर वाळून बसला होता. त्यानं डिस्क उलटी केली. खालच्या उघड्या सर्किटवर हळदीचे पिवळे डाग आणि पिनांच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी.

"पाणी आत गेलं, काकी. रिंग रोडवर एक जण डिस्कमधला गेलेला माल काढून देतो, त्याला दाखवून आलो. त्यानं उघडून बघितली. आतल्या तबकडीवर चरे गेलेत. यातून काही निघणार नाही."

सुंदरा उभी होती ती स्टुलावर बसली. तिनं तो हिरवा डाग बोटानं पुसून बघितला. मग म्हणाली, "मीच धोयी ना ती. मना हातथून गयी."

मी म्हटलं, "तुला काय माहीत, सुंदरा? मला तरी कुठं माहीत होतं?" हे खरं असूनही अगदी निरुपयोगी वाक्य होतं. तिनं ते ऐकलंही नाही. तिनं ललितचा हात धरला.

"त्यास्ले सांगू नको. त्यास्नीच सांगेल व्हतं माले धोवाले. त्यास्ले समजनं तं त्या सोतालेच खाई जातीन. पह्यलेच एक हात गयेल शे."

"मग काय सांगू, काकी?"

"काही बी सांग. सांग का नवा बोर्डले जुनी डिस्क चालत नही."

ललितनं माझ्याकडं बघितलं. मी नजर फिरवली नाही. मला त्या बाईचं पटलं. वाटलं, काही दिवस जाऊ देत, मग हळूहळू सांगता येईल. दुःखाला मुदत मागून घेण्यात काही गैर नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी मी तिथं बसले असताना ललित स्वतः निंबाभाऊंच्या घरी आला. डिस्क पुसून स्वच्छ करून आणली होती. खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, नव्या बोर्डाशी जुळत नाही ही. कन्व्हर्टर लावूनही नाही."

निंबाभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग सुंदराकडं बघितलं. सुंदरा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, हातातला चमचा हलत नव्हता.

"मंग त्या येळना बोर्ड लागी?" त्यांनी विचारलं.

"हो. तसाच लागेल."

"दखस मी," निंबाभाऊ म्हणाले, म्हणजे बघतो मी. "मिळी जाई."

इतकं सरळ जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिथंच घात झाला. कारण पुढच्या रविवारी निंबाभाऊ अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ती करडी पट्टी खिशात घेऊन जुन्या बाजारात निघाले.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. हौसेनं नाही, सुंदरानं गळ घातली म्हणून. जमिनीवर गोणपाटं पसरून लोक बसलेले, त्यावर नळ, मिक्सरची भांडी, चार्जर, कुणाच्या तरी लग्नातले समईचे तुकडे. कॉम्प्युटरचे बोर्ड वांग्यांसारखे ढिगानं टाकलेले होते. निंबाभाऊ उकिडवे बसले, डाव्या हातानं एकेक उचलून कडेला बघू लागले. रुंद पट्टीची जागा असली तर बाजूला ठेवत, नसली तर ढिगात परत. मला समजावून सांगत होते, "हाई दखा बाई, आठे रिबिन बठस. हाई बारकी तोंडं नवी शेतस, त्या आपला कामन्या नहीत." विक्रेता म्हणाला, "ले जाओ चाचा, चालू है." ते हसले. त्यांनी एक बोर्ड घेतला, मला चहा पाजला, माझी पिशवीही त्यांनीच उचलली. इतके उत्साहात मी त्यांना आजारपणानंतर पहिल्यांदा बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेल्या माणसासाठी कुणी औषध शोधत हिंडावं आणि आपण त्याच्याबरोबर दुकानं दाखवत फिरावं, तसलं ते काम होतं. मी पुन्हा गेले नाही.

ते मात्र जात राहिले. आलेला बोर्ड सोमवारी ललितकडं. काही बोर्ड चालूच व्हायचे नाहीत, तेव्हा ललितच्या जिवात जीव यायचा. पण एखादा चालू झाला की पट्टी जोडावी लागायची, आणि मग टक्. "हा पण नाही जुळत, आप्पा." आप्पा मान हलवायचे आणि बोर्ड घरी न्यायचे. खाटेखाली बोर्डांची चवड झाली. सुंदरा झाडताना त्यांच्याभोवतीनं झाडू फिरवायची, त्यांना हात लावायची नाही.

शेठची माणसं थोडे दिवस विचारत आली, मग यायची थांबली. फोनही थांबला. सुंदरानं घरी साड्यांचं काम आणायला सुरुवात केली, धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या. दारापुढच्या ओट्यावर बसून ती दिवसभर मान मोडून ते करी. एक दिवस मला हाक मारून तिनं एका साडीची किनार दाखवली. नागमोडी फांदी, प्रत्येक वळणावर कळी, आणि कळीचा देठ जरा डावीकडं झुकलेला. "हाई त्यास्नी फांदी शे," ती म्हणाली. कुणीतरी बाजारातून साडी नेऊन हुबेहूब नक्कल मारली होती. ज्या चोरीच्या भयानं त्या माणसानं दुसरी प्रत ठेवली नाही, ती चोरी तर झालेलीच होती, आणि आता तेवढंच काय ते उरलं होतं. सुंदरानं ती साडी गठ्ठ्याच्या तळाशी घातली. निंबाभाऊ घरात येत होते.

मी ललितला गाठून झापलं. "किती दिवस हे नाटक? सांगून टाक त्यांना."

"तुम्ही सांगा ना बाई," तो म्हणाला. तो मला असं उलटून कधीच बोलला नव्हता. "दर सोमवारी आप्पा त्या स्टुलावर बसतात. मी बटण दाबतो आणि परत तेच खोटं सांगतो. झोप लागत नाही मला. तुम्ही बाई आहात, तुम्ही सांगा."

मी सांगितलं नाही. सुंदराचा चेहरा आड यायचा.

होळी झाली आणि निंबाभाऊंना तोच बोर्ड मिळाला. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, त्यांच्या मेलेल्या बोर्डाचा जुळा भाऊ. सोमवारी ते मला बोलवायला आले. सुंदराही निघाली. नाही म्हणायला काही कारणच सापडेना. दुकानात ललितनं बोर्ड हातात घेतला, मागचा क्रमांक वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती. त्यानं बोर्ड बसवला. पंखा फिरला. पडदा उजळला, बोर्ड ठणठणीत होता. मग त्यानं ती करडी पट्टी लावली.

टक्. आणि थांबून पुन्हा टक्.

ललितनं बटण बंद केलं. त्याचे डोळे भरले होते. "आप्पा," तो म्हणाला, "ऐका, मला एक सांगायचंय."

सुंदरानं पदराचं टोक तोंडाशी नेलं. मी टेबलाची कड धरली.

निंबाभाऊंनी डावा हात ललितच्या मनगटावर ठेवला. "हाऊ बी जुळत नही," ते शांतपणे म्हणाले. "ऱ्हाऊ दे. दुसरा दखसूत." त्यांनी स्वतः पट्टी ओढून काढली, घडी केली आणि खिशात घातली. बोर्ड काखेत मारला. "चाल," असं सुंदराला म्हणून ते पायरी उतरले.

माझं डोकं फिरलं. एवढा हुशार माणूस, हजारो टाक्यांतला एक टाका चुकला तर ज्याला दिसतो, त्याला एवढं साधं कळू नये? तोच बोर्ड, तीच पट्टी, मग दुसरा कसला बघायचा? मी ठरवलं की आता बास. रविवारी ते निघाले तेव्हा मी चपला अडकवून मागं गेले आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षांच्या रांगेपाशी त्यांना गाठलं.

"निंबाभाऊ, थांबा. तुम्हाला एक सांगायचंय. फार आधी सांगायला हवं होतं."

"सांगू नका बाई," ते म्हणाले.

मी थांबले.

"माले पह्यल्या दिवसलेच समजनं व्हतं. इतला वरीस तिना आवाज आयकेल शे मी. टक् करं तवयच समजनं, मरी गयी." ते रस्त्याकडं बघत बोलत होते. "कुकू खरवाडं ना ललितनी, तवय सगळंच समजनं. मीच सांगेल व्हतं तिले. पाणी घाल म्हनीसन."

"मग हे काय चालवलंय तुम्ही? उन्हातान्हात, एका हातानं?" माझा आवाज चढला. रिक्षावाले बघू लागले.

"ललित उना, म्हने जुळत नही. मी तिनाकडे दखं. तठेच समजनं, तिनीच सांगेल शे त्याले, माले सांगू नको म्हनीन." त्यांनी खिशातली पट्टी चाचपली. "बाई, मी घरमा बठनू तं ती दिवसभर मना तोंडकडे दखस. रांधाले बी उठत नही. मी निंघनू का तिले वाटस, ह्यास्ले अजून आशा शे. मंग ती भाकर करस. दोन घास खास."

"आणि तुम्ही? तुमचं काय?"

"मना काय," ते म्हणाले. "बाजारमा एक पिंपयना झाड शे. त्यानाखाल बठस. येतायेता किलोवर एखादा बोर्ड लई लेस, रिकामा हातनी जाता येत नही. तो जुळा बोर्ड बी असाच हातमा उना." रिक्षा आली तेव्हा ते डाव्या हातानं दांडा धरून कष्टानं आत चढले आणि मला म्हणाले, "तिले सांगू नका."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. आयुष्यभर मुलांना शिकवलं की खरं बोला, खरं बोललं की सगळं सोपं होतं. इथं खरं सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि ते कुणी कुणाला सांगितलं असतं तर त्या घरातली चूल विझली असती. मला एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

परत आले तर सुंदरा ओट्यावर साड्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती. हातातली कात्री थांबवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"भेटनात का बाई? काय म्हनेत?"

मी तिच्याकडं बघितलं. ती कितीतरी वाळली होती.

"भेटले," मी म्हटलं. "खुशीत होते. म्हणाले, आज मिळेलच."

सुंदराच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "जवलोंग हिंडतस, तवलोंग जितस त्या," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मांडीवरचे धाग्यांचे तुकडे झटकले, साड्या बाजूला सारल्या आणि भाकरीचं पीठ मळायला आत गेली.